रिव्हास्टिग्मिनचा पॅच : पार्किन्सन्समधील डिमेन्शियावरच्या औषधाचे परीक्षण

रिव्हास्टिग्मिन या औषधाचा कातडीवर चिकटवायचा पॅच माझे यजमान गेल्या वर्षापासून वापरत आहेत. पार्किन्सन्सच्या आजारात पुढे जो डिमेन्शिया, म्हणजे बुद्धी आणि स्मरणशक्ती ढासळण्याचा विकार, उद्भवतो, त्याच्या सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 साली हे औषध मान्य केले, आणि या विशिष्ट कारणासाठी त्यांची मान्यता असलेले आजही हे एकच औषध आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा जुना स्वमदत गट असल्यामुळे कंप, चालताना पाय अडखळणे, व्यायाम, आहार यांविषयी मराठीत पुष्कळ बोलले जाते. बुद्धीवर होणाऱ्या परिणामांविषयी मात्र घरोघरी अजून संकोच आहे, आणि त्यावरच्या औषधाविषयी विचारले तर ‘आमच्याकडे खूप फरक पडला’ किंवा ‘काही उपयोग नाही, पैसे वाया’ यापलीकडे फारसे ऐकायला मिळत नाही. या दोन्ही वाक्यांवरून औषध चांगले की वाईट हे ठरत नाही. मूळ चाचणी कशी झाली, तिच्यावरून किती अपेक्षा धरणे रास्त आहे, आणि आपल्या माणसाला उपयोग होतो आहे की नाही हे घरी कसे जोखावे, हे सांगितल्याशिवाय या औषधाचे परीक्षण पुरे होणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पार्किन्सन्समधील डिमेन्शिया अल्झायमरपेक्षा वेगळ्या वाटेने येतो. नावे आणि जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. आधी ढळते ते अवधान, कामांचा क्रम लावण्याची शक्ती आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची मनातली जुळणी. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले तर सगळे आकडे एका बाजूला गोळा होतात, स्वतःच्याच घरात न्हाणीघराचे दार सापडत नाही, तिन्हीसांजेला खोलीत लहान मूल किंवा मांजर बसलेले दिसते, आणि सकाळी स्वच्छ बोलणारा माणूस दुपारच्या झोपेतून उठल्यावर पार गोंधळलेला असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या पेशी ॲसिटिलकोलीन हे रसायन मेंदूच्या बाह्य थराला पुरवतात, त्या या आजारात मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. रिव्हास्टिग्मिन हे त्या रसायनाचे विघटन करणाऱ्या दोन विकरांना (एन्झाइमांना) अडवते, त्यामुळे उरलेल्या पेशी जेवढे रसायन तयार करतात तेवढे थोडा अधिक वेळ टिकते. नव्या पेशी त्याने तयार होत नाहीत, आणि पेशींमध्ये साठत जाणारे आल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिनही त्याने कमी होत नाही. म्हणजे आजाराची चाल या औषधाने थांबत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्टपणे समजून घ्यायला हवे. ज्यांना वाटते की हा त्रास फार थोड्यांना होतो, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की सिडनी येथे पार्किन्सन्सच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा 20 वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी 83 टक्क्यांना डिमेन्शिया होता.

ज्या चाचणीवर हे औषध उभे आहे ती ‘एक्सप्रेस’ या नावाने ओळखली जाते. इस्तंबूलचे प्राध्यापक मुरात एम्रे हे तिचे प्रमुख संशोधक होते आणि तिचे निष्कर्ष 2004 च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. खर्च नोव्हार्टिस या उत्पादक कंपनीनेच केला होता. ही गोष्ट वाचताना लक्षात ठेवावी, पण तेवढ्यावरून चाचणी बाजूला सारू नये, कारण तिची आखणी काटेकोर होती. एकूण 541 रुग्ण घेतले गेले. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांना रिव्हास्टिग्मिनच्या कॅप्सूल आणि उरलेल्यांना दिसायला हुबेहूब तशाच, पण औषध नसलेल्या प्लासिबो कॅप्सूल दिल्या गेल्या. कोणाला काय मिळते आहे हे ना रुग्णाला माहीत होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. 24 आठवडे हे चालले आणि 410 जण शेवटपर्यंत टिकले. मधेच गळालेल्यांचे हे प्रमाण लहान नाही, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये ते अधिक होते.

बुद्धीच्या मोजमापासाठी जी 70 गुणांची कसोटी वापरली गेली, तिच्यात औषध घेणारे सरासरी 2.1 गुणांनी सुधारले आणि प्लासिबो घेणारे 0.7 गुणांनी घसरले. सत्तर गुणांत सुमारे तीन गुणांचा हा फरक ऐकून कोणाचेही मन खट्टू होईल. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे सरासरीच्या आड काय दडलेले असते ते पाहण्याची सवय आहे, आणि या चाचणीत दडलेले आकडेच मला अधिक मोलाचे वाटतात. डॉक्टरांच्या एकंदर मतानुसार ज्यांची प्रकृती उठून दिसण्याइतकी सुधारली असे लोक औषधाच्या गटात 19.8 टक्के होते, तर प्लासिबोच्या गटात 14.5 टक्के. ज्यांची प्रकृती उठून दिसण्याइतकी ढासळली असे लोक औषधाच्या गटात 13 टक्के होते आणि प्लासिबोच्या गटात 23.1 टक्के.

या चार आकड्यांवर प्रत्येक शुभंकराने, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाने, शांतपणे विचार करावा असे मला मनापासून वाटते. पहिली गोष्ट अशी, की औषधाचा कणही पोटात न जाता सातातला एक माणूस सहा महिन्यांत सुधारलेला दिसला. या आजारात प्रकृती दिवसागणिक वर-खाली होत असते, नव्या उपचाराने घरात उमेद येते, रुग्णाकडे अधिक लक्ष दिले जाते, आणि या सगळ्याचे श्रेय नकळत औषधाच्या पदरात पडते. शेजारच्यांना ‘खूप फरक पडला’ असेल तर त्यातला किती औषधाचा, हे त्या एका घरावरून कोणालाही सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. औषधाचा मोठा लाभ सुधारणेत नसून घसरण टाळण्यात आहे. शंभर माणसांमागे पाच अधिक जण सुधारले, पण दहा जण ढासळण्यापासून वाचले. आता, सुधारणा झाली तर ती घरच्यांना दिसते, परंतु जी घसरण झालीच नाही ती कोणाला दिसणार? म्हणून ‘चार महिने झाले, आहे तसेच आहे’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात उच्चारले जाते, आणि औषध बंद होते. या आजारात चार महिने ‘आहे तसेच’ राहणे हाही औषधाचा परिणाम असू शकतो.

तोट्यांचे आकडेही तितकेच स्पष्ट आहेत. मळमळ 29 टक्क्यांना झाली, प्लासिबोवर 11.2 टक्क्यांना, उलट्या 16.6 टक्क्यांना, प्लासिबोवर 1.7 टक्क्यांना, आणि कंप वाढल्याची तक्रार 10.2 टक्क्यांनी केली, प्लासिबोवर 3.9 टक्क्यांनी. हालचालींच्या एकूण गुणांमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक मात्र आढळला नाही.

कॅप्सूलऐवजी पॅच निवडण्याचे कारण याच आकड्यांत आहे. औषध पोटातून एकदम न जाता कातडीतून दिवसभर सावकाश झिरपले तर मळमळ कमी होते. अल्झायमरच्या 1195 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅप्सूलवर 23.1 टक्क्यांना मळमळ झाली, तर तेवढ्याच परिणामाच्या पॅचवर 7.2 टक्क्यांना. पार्किन्सन्समधील डिमेन्शियाच्या 583 रुग्णांवर पुढे 76 आठवडे कॅप्सूल आणि पॅच यांची तुलना झाली. तीत कंप वाढल्याची नोंद कॅप्सूलवर 24.5 टक्के आणि पॅचवर 9.7 टक्के होती. मात्र त्या अभ्यासात प्लासिबो नव्हता आणि कोण काय घेत आहे हे सर्वांना माहीत होते, म्हणून त्याचे वजन मी ‘एक्सप्रेस’इतके धरत नाही. युरोपात पॅचची अधिकृत मान्यता अल्झायमरपुरती आहे आणि पार्किन्सन्ससाठी कॅप्सूलच मान्य आहे; अमेरिकेत दोन्हींना मान्यता आहे. आमच्या डॉक्टरांनी ही बाब आधीच सांगितली होती. यजमानांचे वजन मुळात कमी, भूक मंद, आणि पार्किन्सन्ससाठी चालू असलेल्या सिंडोपाच्या गोळ्यांनी पोटात ढवळणे नित्याचे, त्यामुळे पॅचच योग्य यावर आमचे एकमत झाले.

प्रत्यक्ष पॅच लावण्यापूर्वी आमचे कित्येक आठवडे गेले, आणि ते फार चांगले झाले. यजमानांना कंपासाठी पूर्वीपासून ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी चालू होती, जी आपल्याकडे पॅसिटेन या नावाने घरोघरी माहीत आहे. ही गोळी ॲसिटिलकोलीनचे काम अडवते आणि रिव्हास्टिग्मिन ते वाढवू पाहते. एकाच माणसाला दोन्ही देणे म्हणजे एकीकडून नळ सोडून दुसरीकडून मोरीचे बूच काढून ठेवण्यासारखे आहे. वयस्कर माणसांत ही गोळी स्वतःच गोंधळ, भास आणि विस्मरण वाढवते. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि सर्दीच्या, झोपेच्या काही जुन्या गोळ्याही याच जातीच्या असतात. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली (अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये), बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली, नाडी मंद तर नाही ना हे पाहण्यासाठी ईसीजी काढला, आणि मगच थोडे थांबून पॅचची चिठ्ठी दिली. गोळी गेल्यावर पॅच लागण्यापूर्वीच यजमान दुपारी अधिक जागे राहू लागले होते. दोन्ही बदल एकाच आठवड्यात केले असते तर त्याचे श्रेय पॅचला गेले असते. माझ्या मते या औषधाचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न हाच ठेवावा, की सध्याच्या औषधांत बुद्धीला मंद करणारे काही आहे का. अनेकांना त्यातच निम्मे उत्तर मिळेल.

घरच्या चाचणीसाठी मी एक साधी वही घातली. औषध सुरू होण्याआधीच ठरवले की कोणत्या गोष्टी पाहायच्या, आणि नंतर त्यांत भर घालायची नाही. सकाळचे वर्तमानपत्र वाचून एखादी बातमी ते स्वतःहून सांगतात का. जेवताना ताटावरून मधेच उठतात का. शर्टाच्या गुंड्या खालीवर लागतात का. पत्ते वाटल्यावर रंगवार लावता येतात का. दुपारी उठल्यावर सकाळ की संध्याकाळ हे कळते का. आणि गच्चीकडच्या दाराशी उभा असलेला जो मुलगा त्यांना संध्याकाळी दिसतो, तो आज दिसला का. प्रत्येकापुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘थोडे’, एवढेच. दिवसाचे वर्णन लिहायचे नाही, कारण वर्णनात आपल्या मनाची अवस्थाच अधिक उतरते.

त्यातही माझ्या नोंदीवर माझाच पूर्ण विश्वास नव्हता, कारण पॅच मीच लावत होते आणि त्याचा गुण यावा ही इच्छाही माझीच होती. आमचा मुलगा मुंबईला असतो आणि दर रविवारी वडिलांशी फोनवर बोलतो. त्याला मी सांगितले, की बोलणे संपल्यावर वडील विषय धरून किती बोलले याला दहापैकी गुण देत जा आणि ते तुझ्याकडेच ठेव. पॅच कधी सुरू झाला आणि मात्रा कधी वाढली हे त्याला कळू दिले नाही. मोठ्या चाचणीत जे दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून साधतात, त्यातले थोडे तरी एका घरात असे साधता येते, आणि परगावी मुले असलेल्या पुण्यातल्या असंख्य घरांना ते सहज जमेल.

आता निष्कर्ष. भास सर्वांत ठळकपणे कमी झाले. दाराशी उभा असणारा मुलगा पूर्वी बहुतेक संध्याकाळी येत असे, तो मोठ्या मात्रेनंतर क्वचितच दिसू लागला, आणि दिसला तरी ‘तो खरा नाही ना गं?’ असे ते स्वतः विचारतात. पत्ते रंगवार लावणे पुन्हा जमू लागले, खेळणे मात्र नाही. मुलाच्या गुणांतही वाढ होती, आणि ती मात्रा वाढवल्यानंतरच्या महिन्यापासून होती. शर्टाच्या गुंड्यांत काडीचाही फरक नाही. न्हाणीघराचा रस्ता रात्री अजून चुकतो. नावे आठवण्यात सुधारणा नाही. तशी अपेक्षाही नव्हती. उजव्या हाताचा कंप थोडा वाढला आहे, आमटीची वाटी तोंडाशी नेताना तो जाणवतो, म्हणून आता आमटी कान असलेल्या जाड कपात देतो. वजन पहिल्या काही महिन्यांत थोडे उतरले, पुढे स्थिरावले.

पॅचच्या रोजच्या वापराबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण दुकानात पाकीट हातात ठेवताना हे कोणी सांगत नाही. सुरुवात दिवसाला 4.6 मिलिग्रॅम औषध सोडणाऱ्या छोट्या पॅचने होते, आणि किमान चार आठवडे तो सहन झाल्यावर 9.5 मिलिग्रॅमचा मोठा पॅच दिला जातो. सकाळी अंघोळीनंतर पाठ पंचाने पूर्ण कोरडी करायची. त्या जागी खोबरेल, पावडर, मलम काहीही नको. ज्या घरात रोज अंगाला तेल चोळण्याची पद्धत आहे त्यांनी पॅचची जागा सोडून चोळावे, नाहीतर दुपारपर्यंत त्याची कड सुटते. पाकीट कात्रीने कडेने कापायचे, मागचा कागद मधल्या चिरेपासून अर्धा सोलायचा, तेवढा भाग चिकटवून मग उरलेला कागद ओढून काढायचा, आणि तळहाताने तीस सेकंद दाबून धरायचे. मी पॅचवर बॉलपेनने तारीख लिहिते, आणि ती चिकटवण्यापूर्वीच लिहिते. एकाच जागी चौदा दिवसांत पुन्हा लावायचा नसतो, म्हणून पाठीचे भाग ठरवून कालनिर्णयच्या त्या त्या चौकोनात खूण करून ठेवते. पाठच बरी, दंडावर किंवा छातीवर लावला तर रुग्ण तो खाजवून काढून टाकतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम एकच आहे : नवा पॅच लावण्यापूर्वी जुना काढला आहे हे डोळ्यांनी पाहावे. दोन पॅच एकाच वेळी अंगावर राहिल्यामुळे औषधाची मात्रा दुप्पट होऊन उलट्या, नाडी मंदावणे आणि त्याहून गंभीर प्रकार झाल्याचे इशारे औषध प्रशासनांनी दिलेले आहेत. सकाळी घरचे माणूस आणि दिवसा मदतनीस मावशी, अशी दोघांकडे ही जबाबदारी वाटलेली असेल तर हा धोका वाढतो. आमच्याकडे हे काम फक्त माझे आहे, आणि मी गावाला गेले तर नणंदेचे. मावशींना तारीख वाचायला सांगितली आहे, पॅचला हात लावायचा नाही.

वापरलेला पॅचही निकामी नसतो. 9.5 मिलिग्रॅमच्या पॅचमध्ये मुळात 18 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे काढताना जवळपास निम्मे त्यात उरलेले असते. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडावा, त्याच्याच पाकिटात घालावा, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळा न टाकता कागदात घट्ट गुंडाळून, वर खूण करून वेगळा द्यावा. ‘स्वच्छ’च्या ज्या ताई दारोदार येऊन कचरा गोळा करतात, त्या तो हातांनीच वेगळा करतात, याचे भान असावे.

पुण्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये घामाने पॅच सुटतो. सुटून पडला तर नवा लावावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी तो बदलावा. थंडीत उलटी अडचण येते. पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते, किंवा डिसेंबरच्या सकाळी पाठ उन्हाकडे करून तासन् तास बसले जाते. पॅचवर बाहेरून उष्णता लागली तर औषध वेगाने आत जाऊ शकते, म्हणून शेक कमरेला चालेल, पॅचच्या जागी नाही. कातडीला खाज आणि लाली हा अनेकांना होणारा त्रास आहे. आमच्याकडे तो जागा बदलत राहिल्याने आटोक्यात आहे.

किमतीच्या बाबतीत पॅच कॅप्सूलपेक्षा चांगलाच महाग पडतो आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला तो जाणवतो. शिवाय लहान दुकानांत तो तयार नसतो. ‘काकू, मागवावा लागेल, परवा या,’ हे उत्तर आम्हाला सदाशिव पेठेतही मिळते. यात एक वैद्यकीय अडचण दडलेली आहे. तीन दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा लहान मात्रेपासून सुरुवात करावी लागते आणि महिन्याभराची मजल वाया जाते. गणपतीत रस्ते बंद असतात, दिवाळीत घाऊक पुरवठा थांबतो; त्या सुमारास घरात किमान पंधरवड्याचे पॅच शिल्लक असलेच पाहिजेत.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्याच दुसऱ्या औषधाची पार्किन्सन्समधील डिमेन्शियावर 550 रुग्णांत मोठी चाचणी झाली आणि 2012 साली प्रसिद्ध झाली. काही कसोट्यांवर लाभ दिसला, पण बुद्धीच्या मुख्य कसोटीवर आधी ठरवलेल्या पद्धतीने फरक सिद्ध झाला नाही. मेमँटिन या तिसऱ्या औषधाचा लाभ त्याहून पुसट आहे. कोणाला पॅच किंवा कॅप्सूल सोसत नसेल तर डॉक्टर यांचा विचार करतात, आणि ते योग्यच आहे.

ॲम्ब्रोक्सॉलविषयी मात्र थांबून लिहिते, कारण त्याबद्दलचे निरोप शुभंकरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतात. खोकल्याचा कफ पातळ करणारे हे स्वस्त औषध पेशींमधील एका विकराचे काम वाढवते आणि त्यामुळे आल्फा-सिन्यूक्लिनचा साठा कमी होईल, अशी आशा आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात पार्किन्सन्समधील डिमेन्शियाच्या 55 रुग्णांवर त्याची वर्षभराची चाचणी झाली आणि निष्कर्ष 2025 साली आले. औषध सुरक्षित ठरले, मेंदूतील इजेशी संबंधित एका रक्तघटकाबाबत आशादायक चिन्ह दिसले, परंतु बुद्धीच्या मुख्य कसोट्यांवर औषध आणि प्लासिबो यांत फरक सिद्ध झाला नाही. तिथे मोठी मात्रा दिवसाला 1050 मिलिग्रॅम होती, तर खोकल्याची नेहमीची गोळी 30 मिलिग्रॅमची असते. आपल्याकडच्या खोकल्याच्या बाटल्यांत ॲम्ब्रोक्सॉलबरोबर बहुधा दम्याचे औषधही मिसळलेले असते, ज्याने छातीत धडधड होते आणि हाताचा कंप वाढतो. पार्किन्सन्सच्या माणसाला असे सिरप चमच्याचमच्याने पाजणे हा उपचार नव्हे, आणि मी हे अत्यंत कळकळीने सांगते आहे.

ज्यांना नवे औषध आजमावायचेच आहे त्यांनी ते नोंदणीकृत चाचणीत आजमावावे. भारतात अशा चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत, आणि प्रत्येक चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियामध्ये नोंदलेली असावी लागते. तिचा क्रमांक मागण्याचा आपल्याला हक्क आहे. नैतिकता समितीची मंजुरी, आपल्याला समजणाऱ्या भाषेतले संमतिपत्र, केव्हाही कारण न देता बाहेर पडण्याची मोकळीक आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, या गोष्टी उपकार म्हणून नव्हे तर नियम म्हणून मिळाल्या पाहिजेत. डिमेन्शियाच्या रुग्णाच्या वतीने घरचे माणूस सही करू शकते, पण ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याला जेवढे समजते तेवढे सांगून त्याचा होकार विचारावा, असे मला वाटते. माझ्या यजमानांनी पॅचच्या वेळीही विचारले होते, ‘याने मी पूर्वीसारखा होईन का?’ डॉक्टर म्हणाले, ‘नाही काका, पण आहात तसे थोडे जास्त दिवस राहाल.’ त्यावर ते म्हणाले, ‘मग लावा.’

माझे मत असे, की ज्यांचा आजार सौम्य किंवा मध्यम आहे, ज्यांना भास होतात किंवा ज्यांचे अवधान दिवसभरात सारखे वर-खाली होते, आणि ज्यांच्या घरी रोज एकाच हाताने पॅच लावणारे माणूस आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हा पॅच जरूर आजमावावा, आणि मोठी मात्रा सुरू झाल्यापासून सहा महिने पूर्ण द्यावेत. नाडी मंद असणे, नुकतेच चक्कर येऊन पडणे, पोटातील व्रण, दमा किंवा फारच कमी वजन असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. माणूस एकाएकी, दोन-तीन दिवसांत गोंधळला असेल तर पॅचचा विचार करण्याआधी लघवीतील संसर्ग, बद्धकोष्ठ, ताप आणि नुकतेच बदललेले औषध तपासावे. भास वाढले म्हणून हॅलोपेरिडॉलसारखे इंजेक्शन पार्किन्सन्सच्या रुग्णाला देऊ नये, हे तातडीच्या कक्षातही घरच्यांनी ठामपणे सांगावे. त्याने शरीर जखडते.

बंद करण्याची वेळ आली तर तीही याच शिस्तीने ठरवावी. 13.3 मिलिग्रॅमचा त्याहून मोठा पॅच मिळतो, पण यजमानांचे वजन आणि वाढलेला कंप पाहता डॉक्टरांनी आणि आम्ही 9.5 वरच राहायचे ठरवले आहे. पुढच्या तपासणीत वहीतली पाने आणि मुलाने जपून ठेवलेले गुण दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. लाभ संपला असे त्यांना वाटले, तर मात्रा 4.6 वर आणून काही आठवडे तीच वही चालू ठेवायची, त्या काळात दुसरे कोणतेही औषध बदलायचे नाही, आणि भास किंवा गोंधळ परतला तर तात्काळ पुन्हा 9.5 वर जायचे, असे आमचे बोलणे झालेले आहे.